१० बाय ११ फुटांच्या खोलीत प्रोजेक्टर लावायचाय, चित्र १०० इंचाच्या पुढचं हवंय. किती लुमेनचा घेऊ, सहा हजारवाला की नऊ हजारवाला? स्क्रीन घ्यावी की पांढरी भिंत चालेल? सगळे म्हणतात पांढऱ्या भिंतीवर झकास दिसतं.

लुमेन म्हणजे प्रोजेक्टर किती उजेड टाकतो त्याचं माप, ते सगळ्यात शेवटी विचारायचं असतं आणि सगळे तेच पहिले विचारतात. तुम्ही खोलीचं माप दिलंय, सहा हजारवाला घेऊ की नऊ हजारवाला ते विचारलंय, पण छताचा रंग कुठला ते एका शब्दाने सांगितलेलं नाही. पांढराच असणार. वर परत "सगळे म्हणतात पांढऱ्या भिंतीवर झकास दिसतं" असंही लिहिलंय. हे "सगळे" मला चांगले माहीत आहेत, त्यातला एक आमच्याच घरात राहतो.

आमचं घर गोव्यात, फोंड्याजवळ. जुनं, पुढची बाजू नळ्यांची (कौलांची), पण मागची एक खोली नंतर स्लॅब घालून वाढवलेली, तुमच्या एवढीच असेल. चवथीला गणपती तिथेच बसतो, बाकी वर्षभर ती अशीच पडून. तिथे प्रोजेक्टर लावायचा हे ठरलं तेव्हा आमच्या दादाने कुणाला न विचारता ऑनलाइन एक मागवून टाकला. खोक्यावर नऊ हजार पाचशे लुमेन, ४के सपोर्ट, ३०० इंच वगैरे सगळं छापलेलं. आता "४के सपोर्ट" म्हणजे ४के (३८४० बाय २१६० पिक्सेलचा) सिग्नल आत घेतो एवढंच, आतलं पॅनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचंच होतं हे त्याच्याच पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. लुमेनचंही तसंच. एएनएसआय किंवा आयएसओ (उजेड मोजायच्या ठरलेल्या पद्धती) असं आकड्याच्या शेजारी लिहिलेलं नसेल तर तो आकडा म्हणजे छापणाऱ्याची मर्जी. पण दादाला ते पटवायचं कसं, कारण दादा गावच्या नाटकांना लायटिंग करतो, कला अकादमीच्या स्पर्धेलासुद्धा त्याने लाइट केलेत, आणि त्याचं साधं गणित असं की दिसत नाही ना, मग अजून एक लाइट मार.

हे गणित स्टेजवर बरोबर आहे. प्रोजेक्टरला लागू होत नाही, कारण प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. पडद्यावर जे काळं दिसतं ते म्हणजे जिथे उजेड पडला नाही (किंवा अगदी थोडा पडला) ती जागा, आणि ती जागा तुमच्या खोलीत जेवढी काळी असेल तेवढीच काळी दिसणार. मोठ्या हॉलमध्ये पडद्यावरून परत आलेला उजेड लांब जाऊन विरतो. १० बाय ११ मध्ये तो जाणार कुठे? छताला आपटतो, बाजूच्या भिंतींना आपटतो, सगळं पांढरं, आणि परत पडद्यावर. म्हणजे चित्रातल्या आकाशाचा पांढरा भाग स्वतःच शेजारचे काळे केस राखाडी करून टाकतो. इथे तुम्ही लुमेन दुप्पट केले तर परत येणारा उजेडही दुप्पट. फरक तिथल्या तिथेच राहतो आणि डोळे तेवढे दुखतात.

दादाला मात्र पुरावा मिळाला तो २०२२ च्या वर्ल्डकप फायनलला. अर्जेंटिना आणि फ्रान्स, रात्री साडेआठची मॅच, ३-३ होऊन पेनल्टीवर ४-२ ने गेलेली. गोव्यात फुटबॉल म्हटल्यावर अर्धा वाडा आमच्या खोलीत, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर ट्यूब चालू, आणि भिंतीवर हिरवंगार मैदान. सगळ्यांना आवडलं. मॅच संपल्यावर लोक अंगणात ओरडत होते आणि दादा, ज्याला मी छत-भिंतींना गडद रंग देऊया म्हणत होतो, तो मला भिंत दाखवत होता, "बघ, दिसलं ना? तुझा रंग कशाला पाहिजे?" अरे, मैदानात काळं असतं किती? भर लाइटखालचं गवत, त्यावर उजळ जर्सी घातलेली माणसं. फुटबॉल नि क्रिकेट कसल्याही भिंतीवर बरं दिसतं, म्हणून ते बघून कुणी प्रोजेक्टर पास-नापास करू नये. दुकानातसुद्धा तुम्हाला मासे, फुलं आणि पोपटच दाखवतात. रात्रीचा प्रसंग लावायला सांगा, दुकानदार लगेच रिमोट शोधायला लागतो.

मग पुढे असंच एकदा आम्ही रात्रीचे प्रसंग असलेला एक पिक्चर लावला. पाच मिनिटांत आई म्हणाली धुकं पडलंय का. काळा कोट घातलेला माणूस काळोख्या खोलीत बसलेला, आणि आम्हाला भिंतीवर एक राखाडी डाग आणि त्यावर तोंड दिसत होतं. दादा म्हणाला प्रोजेक्टर जुना झाला, जास्त लुमेनचा आणूया. माझं डोकं फिरलं. नाटक मंडळाच्या सामानाची ट्रंक आमच्याच पडवीत असते, ती उघडली, डांबरगोळ्यांच्या वासाचे विंगांचे दोन काळे कपडे काढले, एक चित्राच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर टाचला आणि दुसरा छताच्या डाव्या अर्ध्या भागाला, माटोळीच्या (चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट) कड्यांना सुतळी बांधून. उजवी बाजू तशीच पांढरी ठेवली. तोच प्रसंग परत लावला. डाव्या बाजूला कोटाची कॉलर वेगळी, खांदा वेगळा, मागच्या खुर्चीची पाठ वेगळी दिसायला लागली. उजवीकडे धुकं होतं तसंच. एकच प्रोजेक्टर, एकच भिंत, लुमेन तेवढेच. मी विचारलं, तुझ्या स्टेजवर विंगा काळ्या का असतात रे, गुलाबी का नसतात? तर म्हणतो, "ते नाटक, हा सिनेमा." आता यावर काय बोलणार. सिनेमाच्या थिएटरात लाइट जायच्या आधी एकदा मान वर करून बघा, छत कुठल्या रंगाचं आहे ते.

बरं, मला हट्टाने बोलतोय असं वाटू नये म्हणून लुमेनचा हिशोबही करून दाखवतो. डिजिटल सिनेमाचं मानक आहे १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट (दोन्ही पडद्याच्या उजळपणाची मापं). ९० इंचाची १६:९ स्क्रीन म्हणजे साधारण १९९ सेंटीमीटर रुंद, ११२ उंच, क्षेत्रफळ २४ चौरस फूट. साध्या मॅट पांढऱ्या पडद्याला, गेन (पडदा उजेड किती परत फेकतो ते) १ धरून, २४ गुणिले १४ म्हणजे पडद्यावर खरे साडेतीनशेच्या आसपास लुमेन पोचले की काळोखात थिएटरएवढा उजेड झाला. साडेतीनशे! आता रंग बरोबर दाखवणारा मोड लावला की प्रोजेक्टरचा उजेड बराच उतरतो, दिवा जुना झाला की अजून उतरतो, म्हणून तिप्पट-चौपट घ्या. हजार ते पंधराशे खरे एएनएसआय लुमेन अशा खोलीत भरपूर झाले. हे ऐकल्यावर दादाने कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन स्वतः गुणाकार केला होता. उत्तर तेच आलं, मत बदललं नाही.

९० इंचच का? कारण तुम्ही १०० च्या पुढे जायच्या गोष्टी करताय. ११ फुटाच्या बाजूने टाकणार असाल तर बसायची जागा पडद्यापासून फार तर नऊ फुटांवर येते. अंतर कर्णाच्या १.२ पट तरी असावं, नाहीतर मान फिरवून बघावं लागतं आणि सबटायटल वाचताना माणसं सुटतात. नऊ फूट म्हणजे १०८ इंच, भागिले १.२, नव्वद आले. आणि विकत घ्यायच्या आधी थ्रो रेशो बघा, लुमेनच्या कितीतरी आधी. लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढंच आहे ते. ११ फूट म्हणजे ३३५ सेंटीमीटर, त्यातून प्रोजेक्टरची स्वतःची लांबी, मागे वायरींना आणि गरम हवेला जागा, असं पन्नासेक सेंटीमीटर गेले की हातात २८५ राहतात. १.२ रेशोवाल्याला ९० इंचाला २३९ लागतात, आरामात बसतो. १.५ वाल्याला २९९ लागतात, म्हणजे तो मागच्या भिंतीत घुसवावा लागेल. अल्ट्रा शॉर्ट थ्रो भिंतीला चिकटून चालतो खरा, पण तो इतक्या तिरक्या कोनातून उजेड टाकतो की पडद्याला जरा जरी लाट असेल तर सरळ रेघ सापासारखी दिसते, त्याला ताणलेली कडक स्क्रीनच लागते आणि खर्च तिथे वाढतो.

दादाचं यातही एक होतंच. त्याला गुंडाळायची स्क्रीन माटोळीच्या कड्यांना टांगायची होती, म्हणजे नवीन भोकं नकोत. माटोळी गणपतीच्या डोक्यावर येते, भिंतीपासून दीड फूट पुढे. म्हणजे आधीच एवढीशी खोली, त्यातले दीड फूट हवेत घालवायचे आणि वर पंखा चालू केला की चित्र हलणार. शेवटी चौकटीवर ताणलेली स्क्रीन घेतली, ती दोन ब्रॅकेटवर नुसती अडकवलेली असते, चवथीच्या आधी दोघांनी उचलून आतल्या खोलीत कपाटामागे ठेवायची. ब्रॅकेट चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत मारायचे असतील तर लांब स्क्रू घ्या, चिरा मऊ आणि भोकांचा, छोटा प्लग त्यात नुसता फिरत राहतो. प्रोजेक्टर स्लॅबला उलटा टांगा आणि पडद्यासमोर सरळ टांगा. तिरका ठेवून कीस्टोन सेटिंगने चौकोन सरळ करायचा हा आळशीपणा आहे, त्यात पिक्सेल कापले जातात आणि कडेने राखाडी पट्टा दिसतो तो वेगळाच.

भिंत चालेल का, तर चालेल, गुळगुळीत पुट्टी आणि मॅट रंग असेल तर. चमकणारा रंग असेल तर मधोमध उजेडाचा गोळा दिसतो. जुन्या घरांत प्लास्टरला लाटा असतात, बाजूने टॉर्च मारून बघा. स्क्रीनला खरे पैसे द्यायचे ते सपाटपणाचे आणि भोवतीच्या काळ्या पट्टीचे. ती पट्टी तुम्ही भिंतीवर काळ्या रंगाने स्वतः काढलीत तरी अर्धं काम होतं.

रंगाचं मात्र आमच्याकडेही पूर्ण जमलं नाही, कारण आई म्हणाली देवाच्या खोलीला काळा रंग देशील तर मी चवथीला माहेरी जाईन. म्हणून पडद्यापासून चारेक फुटांपर्यंत दोन्ही बाजूंना गडद मरून मखमलीचे पडदे, रॉडवर, ओढता येतात असे, आणि छताला तेवढ्याच भागात काळं कापड ताणलेली हलकी चौकट. चवथीला सगळं निघतं. तुमची खोली फक्त पिक्चरची असेल तर सरळ गडद मॅट रंग मारून टाका, कुणाचं ऐकू नका, विशेषतः लायटिंग करणाऱ्यांचं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. दिवसा खिडक्या उघड्या ठेवून बघायचं असेल तर हे सगळं सोडा आणि ५५ इंचाचा टीव्ही घ्या, प्रोजेक्टर त्यासाठी नाही. एका चिपचा डीएलपी (रंग एकामागून एक टाकणारा प्रोजेक्टर) असेल तर काहींना डोळे फिरवताना रंगीत रेघा दिसतात, वहिनीला दिसतात, मला नाही, तेव्हा घरातल्या सगळ्यांना नेऊन दाखवा. एप्सनचे थ्री एलसीडीवाले तिन्ही रंग एकदम टाकतात, ते त्यातून सुटतात. दिव्याचा घेणार असाल तर छोटा यूपीएस लावा, आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि तापलेल्या दिव्याचा पंखा असा अचानक बंद पडणं बरं नव्हे. लेझर-एलईडीला एवढी भीती नाही. एचडीएमआय केबलसाठी भिंतीत जाड पाइप आधीच घालून ठेवा, वर जाऊन आडवं येईपर्यंत आठ-दहा मीटर होतात आणि तेवढ्या लांबीला साधी केबल ४के ला रडते. आवाजाचं मी काहीच लिहिलं नाही, तो वेगळा प्रश्न विचारा. फक्त ब्लूटूथ स्पीकर नको, ओठ आधी हलतात.

आणि पावसाळा. पहिल्या पावसाला खिडकी बंदच ठेवा, नाहीतर पंखवाले किडे पडद्यावर आणि त्यांच्यामागे पाल, तीसुद्धा नेमकी हिरोइनच्या गालावर. मखमलीला जूनपासून बुरशी धरते, ऊन पडलं की बाहेर काढा. प्रोजेक्टर महिनोन्महिने बंद ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवा, एसी असेल तर ड्राय मोडवर टाका, आणि लांब जाणार असाल तर सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात. दादाच्या त्या नऊ हजार पाचशेवाल्याच्या लेन्सवर आतून बुरशीची जाळी आली ती अशीच, चार महिने कपाटावर पडून. तो म्हणतो व्होल्टेजमुळे आली.