ड्रेसिंगच्या वेळी व्हीआर चष्मा

प्रश्न : सासरे मासेमारी बोटीवर तांडेल आहेत. इंजिनापाशी दोन्ही हात आणि छाती भाजली, सध्या आयसीयूत आहेत. ड्रेसिंगच्या वेळी फार कळवळतात, आदल्या रात्रीपासूनच धसका घेतात. मुलाचा गेमचा व्हीआर चष्मा (डोळ्यांवर बांधला की दुसऱ्याच ठिकाणी असल्यासारखं चहूकडे दृश्य दिसतं तो) नेऊ का? समुद्र दाखवला तर बरं वाटेल का? – एक वाचक, हर्णे

उत्तर : नेता येईल, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिशवीतून बाहेर काढू नका. अमेरिकेत सिएटलला १९९०च्या दशकापासून भाजलेल्या रुग्णांवर हा उपाय करून पाहिला गेला. ड्रेसिंग चालू असताना रुग्ण चष्म्यातल्या बर्फाळ दरीत बर्फाचे गोळे फेकत असे. लक्ष तिथे गुंतलं की जखमेच्या वाट्याला कमी येतं. वेदनाशामक मात्र चालूच राहतं.

फिट येत असेल, चेहऱ्यावर जखम असेल किंवा मळमळत असेल तर चष्मा नको. आयसीयूत अनेकांना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. अशा वेळी चष्म्याने गोंधळ वाढेल.

समुद्राचं म्हणाल तर डुचमळती बोट अजिबात नको. डोळ्यांना हेलकावे दिसतात, शरीर मात्र खाटेवर स्थिर. त्यामुळे बोट कधी न लागलेल्या तांडेलालाही इथे ओकारी येऊ शकते. शिवाय अपघात बोटीवरच झालाय. पोफळीच्या बागेसारखं स्थिर दृश्य घ्या, नुसती मान वळवून बघता येईल असं, कारण हातांत कंट्रोलर (चष्म्याबरोबरचं बटणांचं हँडल) धरता येणार नाही. ते घरूनच डाउनलोड करा. रुग्ण उताणा असताना दृश्य रीसेंटर करायला, म्हणजे पुन्हा नजरेसमोर आणायला, विसरलात तर त्यांना नुसतं आभाळ दिसत राहील!

ड्रेसिंगच्या पाच मिनिटं आधी लावा, एकूण दहा ते वीस मिनिटं पुरे. चष्मा अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, म्हणून पट्टा सैल ठेवा. आवाज इतकाच, की सिस्टरांचं बोलणं ऐकू येईल. दुखणं ० ते १० मध्ये किती, हे आधी आणि नंतर विचारा. फरक नसेल तर हट्ट नको.

खरी अडचण स्वच्छतेची. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चष्म्याच्या फोमला बुरशी धरते, आणि भाजलेल्या जखमेला जंतुसंसर्गाची भीती मोठी. फोम काढून पुसता येणारं सिलिकॉनचं कव्हर बसवा, ते सिस्टरांकडच्या जंतुनाशकाने पुसून घ्या. भिंगांना स्पिरिट लावू नका, कोटिंग जातं. कोरडं मायक्रोफायबर कापड वापरा. एसीत गार पडलेल्या भिंगांवर श्वासाची वाफ धरते, म्हणून चष्मा आधी थोडा वेळ चालू ठेवा.

मळमळतंय म्हणाले की दृश्य बंद करत बसू नका, आधी चष्मा काढा.