आधी तारखा लाव

प्रिय मित्रा,

तुझा मसुदा वाचला. चीन आणि सोव्हिएत संघ सीमेवरून भांडले, विचारसरणी हा नुसता मुखवटा, असं तू ठोकून दिलंस. मग दोघांनी इतकी लांबलचक पत्रं का लिहिली, इथे तुझं अडलं. अडणारच! 1969 च्या, दोघांच्या सीमेवरच्या उसुरी नदीवरच्या गोळीबारापासून तू उलटा वाचत आलास. आधी तारखा लाव.

कागदावर तीन रकाने आख: तारीख, कोण काय म्हणालं, कोणी काय केलं. फेब्रुवारी 1950 मध्ये 30 वर्षांचा मैत्री करार, 1 टक्का व्याजाने 30 कोटी डॉलरचं कर्ज. फेब्रुवारी 1956 मध्ये स्टॅलिनवर तुटून पडणारं सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हचं बंद दाराआडचं भाषण. चीनच्या माओला आधी विचारलंही नाही. एप्रिल 1960 मध्ये लेनिनच्या नव्वदाव्या जयंतीच्या निमित्ताने भांडवलशाही देशांशी शांततामय सहजीवनाच्या सोव्हिएत भूमिकेवर चीनचा लेखातून जाहीर हल्ला. जुलैत हजाराहून अधिक सोव्हिएत तज्ज्ञ चीनमधून माघारी, तांत्रिक मदतीचे करार रद्द. बघ, लेख आधी, तज्ज्ञ नंतर. 1958 चा सोव्हिएत संघाचा संयुक्त पाणबुडी ताफ्याचा प्रस्ताव माओला झोंबला तो सार्वभौमत्वापायी, हे मान्य. तरीही विचारसरणी हेच मूळ, हा माझा आग्रह सोडणार नाही.

कारण कर्जावर, सीमेवर तडजोड होते. लेनिनचा खरा अर्थ कोण सांगणार, यावर होत नाही. त्याच अधिकारावर दोन्ही पक्ष आपापल्या देशात सत्तेवर होते. तिथे माघार घेणारा नेता घरातच उघडा पडतो.

आणि नावांना फसू नकोस. सुरुवातीची काही वर्षं पेकिंग (आजचं बीजिंग) युगोस्लाव्हियाला झोडपायचं, रोख मॉस्कोवर. मॉस्को अल्बेनियाला झोडपायचं, रोख पेकिंगवर. हे न कळल्याने चांगले चांगले अभ्यासक त्या वर्षांत मैत्री शोधत बसतात.

आपल्याकडचं 1964, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाची फूट, वेगळं मांड. डांगे आणि रणदिवे, दोघेही गिरणी कामगारांच्या चळवळीतले, दोन पक्षांत गेले. पण काँग्रेसशी कसं वागायचं हा वाद घरचाच होता, 1962 च्या युद्धाने तो चिघळला. सगळं खापर मॉस्को-पेकिंगवर फोडलंस तर मसुदा परत पाठवीन.

आता जुलै 1963 घे. 5 ते 20 तारखेपर्यंत चिनी शिष्टमंडळ मॉस्कोत वाद घालत होतं; 15 तारखेपासून त्याच शहरात अमेरिका आणि ब्रिटनशी अणुचाचणीबंदीची बोलणी सुरू झाली. चीनचं 14 जूनचं पत्र आणि 14 जुलैचं सोव्हिएत उत्तर दोन्ही पूर्ण वाच, उतारे नकोत, आणि मगच तिसरा रकाना भर.