ड्रिल नको, आधी सुई उजवीकडे रेटा

प्रश्न : वडिलांचं स्विस बनावटीचं, चावीचं मनगटी घड्याळ बरीच वर्षं कपाटात पडून होतं. चावी देताना दाते घसरल्यासारखा आवाज येतो, म्हणून मागचं झाकण उघडलं. वर दोन चकचकीत चाकं दिसतात. त्यातल्या लहान चाकाचा स्क्रू सोडवायला गेलो तर हलेना. जोर लावला आणि डोकं तुटून हातात आलं, दांडा आतच राहिला. सुईने डावीकडे रेटून पाहिलं, जागचा हलला नाही. मित्र म्हणतो बारीक ड्रिल मारू. मारू का? वडील आता नाहीत, त्यामुळे घड्याळ वाया जायला नको आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच मारू नका. स्क्रू कडक पोलादाचा आणि भोवतीची पट्टी, जिला आम्ही ब्रिज म्हणतो, ती मऊ पितळेची. वरून ती पांढरी दिसते, पण तो मुलामा असतो. ड्रिलचं टोक पोलादावरून घसरतं आणि पितळेत घुसतं. स्क्रू दुसरा मिळेल, पण आटे गेलेला ब्रिज आणायचा कुठून?

तुमच्या पत्रातलं ‘लहान चाक’ आणि ‘डावीकडे’ हे दोन शब्द वाचले आणि माझा जीव कळवळला. ते लहान चाक म्हणजे क्राउन व्हील. चावी देताना ते ज्या बाजूला फिरतं, त्या ओढीने साधा स्क्रू आपोआप सैल झाला असता. म्हणून बहुतेक घड्याळांत तिथे उलट्या आट्यांचा स्क्रू घालतात. पुष्कळदा त्याच्या डोक्यावर एका रेषेऐवजी तीन समांतर रेषा असतात, ती त्याची खूण. तुटलेलं डोकं टाकलं नसेल तर भिंगाखाली धरून बघा. तीन रेषा दिसल्या तर तुम्ही स्क्रू सोडवत नव्हता, आवळत होता. आणि नंतर सुईनेही आवळतच होता.

आता दिशा बदला. पण त्याआधी स्प्रिंगमधली चावी उतरवली पाहिजे. लहान चाक निकामी झाल्यामुळे ती नेहमीसारखी बाहेरच्या चावीने उतरणार नाही. मोठ्या चाकाच्या स्क्रूत नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरा, चाकाच्या दात्यांत अडकलेला छोटा खटका टूथपिकने बाजूला करा आणि ड्रायव्हर बोटांमधून हळूहळू मागे फिरू द्या. एकदम सोडलात तर दाते उडतील. हे हाताला जमेलसं वाटत नसेल तर एवढ्या कामापुरतं घड्याळजीकडे जा, त्यात कमीपणा नाही.

मग दांड्यावर घड्याळाच्या तेलाचा थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. डोकं तुटलं की स्क्रूवरचा ताण संपतो, त्यामुळे उरलेला तुकडा पुष्कळदा वाटतो त्यापेक्षा सैल असतो. डोळ्याला भिंग लावा, सुईचं टोक तुकड्याच्या मधोमध नको, कडेला टेकवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अगदी हलके हलके ढकला. केसभर जरी सरकला तरी काम झालं म्हणा. ब्रिज उतरवल्यावर भोक आरपार दिसलं तर खालूनही काढता येतो. डोकंच नाही, अडणार कशाला? खालून बघतानाही तो आपल्याकडे यायला उजवीकडेच फिरवायचा.

एवढं करूनही नाही निघाला तर तुरटी. दाढीनंतर लावतात तीच. तुरटीचं पाणी सौम्य आम्लधर्मी असतं. ते लोखंड हळूहळू खातं, पितळेला जवळजवळ हात लावत नाही. जुने घड्याळजी हाच उपाय करत आले आणि मला तो इतर कुठल्याही औषधापेक्षा भरवशाचा वाटतो, कारण भोकातले आटे शाबूत राहतात.

ब्रिज पूर्ण सुटा करा. त्याच्यावर पोलादाचं काहीही राहता कामा नये: चाकं, खटका, त्याची केसासारखी स्प्रिंग, लहान चाकाखालचं कडं, सगळं काढा. ठोकून बसवलेली पोलादी पिन दिसली तर थांबा, तीही विरघळेल. लाल खड्यांना काही होत नाही. काचेच्या बाटलीत गरम पाणी घेऊन त्यात तुरटीची पूड विरघळेनाशी होईपर्यंत घाला, ब्रिज बुडवा आणि बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करा. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा लोखंडी भांड्यात तुरटीचं पाणी करू नका, बाटलीचं झाकण लावू नका. थोड्या वेळाने तुकड्यावरून बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागते. ती दिसली की समजा पाणी नेमकं स्क्रूलाच लागलंय. बुडबुडे थांबले की पाणी बदला. सतत गरम ठेवलंत तर काही तासांत होतं, गार पाण्यात दिवस लागतात. शेवटी भोकात काळा गाळ उरतो, तो टूथपिकने काढायचा. नंतर ब्रिज खायच्या सोड्याच्या पाण्यात आणि मग साध्या गरम पाण्यात धुऊन पूर्ण कोरडा करा.

हा उपाय पोलादी स्क्रू आणि पितळी अंग अशा जोडीलाच चालतो. चष्म्याच्या स्टेनलेस स्क्रूवर किंवा कॅमेऱ्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर वापरू नका.

नवा स्क्रू अंदाजाने आणू नका. बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळ चालताना मागेपुढे झुलणारं चाक, त्याच्या खाली किंवा शेजारी, यंत्राच्या तळाच्या मुख्य प्लेटवर यंत्राचा क्रमांक कोरलेला असतो. त्याच क्रमांकाचं बंद पडलेलं यंत्र शोधा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, नाहीतर साताऱ्यातच एखाद्या जुन्या घड्याळजीच्या डब्यात मिळू शकेल. त्यातलं लहान चाकही घेऊन ठेवा, कारण तुमचा मूळचा दाते घसरण्याचा आवाज झिजलेल्या दात्यांचाही असू शकतो. आणि स्क्रू बसवताना डावीकडे फिरवायचा, पहिले दोन फेरे नुसत्या बोटांच्या जोरावर.