घरातील सगळेच तापाने पडले असताना

परदेशी राहायला निघण्यापूर्वी लिहिलेल्या तुमच्या पत्रात नोकरी, घर आणि मुलांची शाळा यांविषयी पुष्कळ प्रश्न आहेत, पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या शेवटच्या ओळीवरच मी थांबणार आहे. जोडीदाराला कामानिमित्त वरचेवर बाहेरगावी राहावे लागेल, दोन लहान मुले सोबत असतील, आणि मुले आजारी असताना आपणच आजारी पडलो तर काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे. ही वेळ येईलच असे धरून चाला. आमच्यावर ती परदेशातील दुसऱ्याच हिवाळ्यात आली. पत्नी दौऱ्यावर होती, सहा वर्षांची मुलगी शाळेतून फ्लू घेऊन आली, तिसऱ्या दिवशी दोन वर्षांचा मुलगा फणफणला आणि त्याच रात्री मला थंडी वाजून ताप भरला.

फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुधा दोन, आणि लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस इतरांना लागण करू शकतो. त्यामुळे पहिल्या मुलाचा ताप तुमच्या लक्षात येतो तोवर विषाणू बहुतेक घरभर पोहोचलेला असतो. हात धुणे आणि खिडक्या उघडणे अवश्य करावे, पण दोन वर्षांच्या मुलाला बापापासून दूर ठेवण्याचा खटाटोप मी तरी पुन्हा करणार नाही. त्यापेक्षा मुलाचा ताप आणि आपला ताप यांच्या मधला तो एक-दोन दिवसांचा अवधी मोलाचा आहे. मी तो मुलीच्या उशाशी बसून काळजी करण्यात घालवला. त्या दिवशी मी औषधांच्या बाटल्या तपासायला हव्या होत्या, पाणी आणि क्षारांची पाकिटे हाताशी ठेवायला हवी होती, कार्यालयाला कळवायला हवे होते आणि मुख्य म्हणजे एखाद्या शेजाऱ्याला सांगून ठेवायला हवे होते. अंगात ताप चढल्यावर फोन उचलून अनोळखी भाषेत मदत मागणे किती जड जाते, याची धडधाकट असताना कल्पना येत नाही.

औषधांबाबत जरा विस्ताराने लिहितो, कारण माझी चूक तिथेच झाली. पॅरासिटामॉलला काही देशांत ॲसिटामिनोफेन म्हणतात, आणि मुलांच्या पातळ औषधाची तीव्रताही देशागणिक व बाटलीगणिक वेगळी असते. म्हणून ‘एक चमचा’ हे माप निघण्याच्या दिवशीच विसरून जावे. मुलाच्या वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक डोस नाहीत, हा सर्वसाधारण हिशेब आहे. बारा किलोच्या मुलाला एका वेळी फार तर 180 मिलिग्रॅम चालते, पण ते किती मिलिलिटर होतात हे त्या बाटलीवर वाचूनच ठरवायचे आणि सुईविरहित सिरिंजने मोजायचे. आयब्युप्रोफेन सहा महिन्यांखालील बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये, आणि मूल पाणी पीत नसेल किंवा उलट्या करत असेल तर मोठ्या मुलालाही ते टाळावे. मुलांना आणि किशोरवयीनांना ॲस्पिरिन मुळीच देऊ नये, कारण फ्लूमध्ये त्यामुळे यकृत आणि मेंदूवर आघात करणारा राय सिंड्रोम उद्भवू शकतो.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास मुलगा रडत उठला, आणि त्याला आधीचा डोस अकराला दिला की एकला, हे मला काही केल्या आठवेना. तापलेल्या डोक्यावर विसंबू नका. फ्रिजवर एक कागद लावा आणि नाव, औषध, मिलिलिटर व वेळ डोस देताक्षणीच लिहा. तुमचे स्वतःचे औषधही त्याच कागदावर लिहा, कारण सर्दीच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतेच. मी ती गोळी आणि वर पॅरासिटामॉल असे दोन्ही घेत होतो, हे सकाळी कागद वाचताना ध्यानात आले. प्रौढाने चोवीस तासांत चार ग्रॅम ओलांडू नयेत. मुलांसोबत एकटे असाल तर रात्री गुंगी आणणारी सर्दीची गोळीही घेऊ नये.

ताप किती अंश आहे यापेक्षा मूल कसे दिसते ते पाहावे. ताप 39 अंश सेल्सिअस असूनही अधूनमधून खेळणारे आणि घोट घोट पाणी पिणारे मूल मला फारसे घाबरवत नाही. मात्र श्वास जलद चालणे, बरगड्यांमधील भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर पडणे, आठ तासांत लघवी न होणे, हाक मारल्यावर नीट प्रतिसाद न देणे, किंवा ताप उतरून बरे वाटल्यावर तो पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश सेल्सिअस ताप आला तरी तातडीने डॉक्टर गाठावेत. धाप, छातीत दुखणे आणि गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे तुम्हालाही तितकीच लागू आहेत, आणि एकटा पालक नेमके स्वतःचे लक्षण टाळतो. ओसेल्टामिवीर हे विषाणुरोधक औषध लक्षणे दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते. घरात पाच वर्षांखालील, विशेषतः दोन वर्षांखालील मूल असेल, कोणाला दमा असेल किंवा कोणी गर्भवती असेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

बाकी दिवसभराचे सांगण्यासारखे थोडेच आहे. सगळ्यांची अंथरुणे एकाच खोलीत घाला, मुले झोपली की तुम्हीही झोपा, आवराआवर तशीच राहू द्या. चक्कर येत असताना मुलाला कडेवर घेऊन जिना उतरू नका आणि तान्ह्या बाळाला घेऊन सोफ्यावर पडू नका, कारण तिथे डोळा लागला तर बाळ गुदमरण्याचा धोका असतो. स्तनपान चालू असेल तर फ्लूमुळे ते थांबवण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वी लसीचा हिशेब मात्र करा. सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या ज्या मुलांना फ्लूची लस पूर्वी दिलेली नाही, त्यांना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि त्यानंतर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे जातात. म्हणजे साथीच्या आधी सहा आठवडे हाताशी हवेत. उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतील साथीचे महिने उलट असतात आणि लसीचे घटकही वेगवेगळ्या वेळी ठरतात, म्हणून विषुववृत्त ओलांडणार असाल तर गेल्या मोसमातील लसीवर अवलंबून राहू नका.

नोकरीच्या करारात मुलाच्या आजारपणाची रजा आणि स्वतःच्या आजारपणाची रजा वेगळी मोजली जाते का, ते सहीपूर्वी वाचा. ताप गेल्यावरही खोकला आणि अशक्तपणा दोन आठवडे रेंगाळू शकतो. पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात कुटुंबाची डॉक्टरांकडे नोंदणी करा आणि घराची एक किल्ली विश्वासातील शेजाऱ्याकडे ठेवा. थोरल्या मुलाला आपत्कालीन क्रमांक आणि घराचा पत्ता तिथल्या भाषेत तोंडपाठ करवा. माझ्या मुलीला त्या वेळी आमचा पत्ता फक्त मराठीत सांगता येत होता.