किनाऱ्यालगतच्या उतारात 15 मीटर खोलीवर कमी रोधकतेचा (वीज सहज वाहू देणारा) पट्टा दिसला, म्हणजे दरड तिथूनच सरकते का?

एवढ्यावरून ठरवू नका. समुद्राच्या पाण्याची रोधकता जेमतेम 0.2 ओहम-मीटर असते. ते वाळूत किंवा भेगाळ खडकात शिरलं, की विद्युत सर्वेक्षणात तो भाग चिकणमातीसारखाच दिसतो, कधी तिच्याहूनही कमी रोधकतेचा. तुमचा पट्टा समुद्रसपाटीच्या आसपास असेल आणि समुद्राकडे जाड होत गेला असेल, तर आधी खाऱ्या पाण्याचा संशय घ्या. भूकंपलहरींच्या अपवर्तन सर्वेक्षणावरही (जमिनीत लहरी सोडून त्या थरांतून कशा वळतात ते पाहणं) विसंबू नका. कठीण थराखालचा मऊ थर त्यात सापडतच नाही, आणि घसरायला सोयीची रचना नेमकी तीच.

बोअर घ्यावेच लागतील. उताराच्या दिशेने एका रेषेत किमान तीन: माथ्याच्या भेगेखाली, मधे आणि पायथ्याशी. दर दीड मीटरला नमुना घेण्याची नेहमीची पद्धत इथे पुरत नाही. सरकणारा थर कधीकधी काही मिलिमीटरचाच असतो, दोन नमुन्यांच्या मधे सहज निसटतो. ट्रिपल ट्यूब बॅरलने (नमुना न मोडता वर आणणारं तीन नळ्यांचं नळकांडं) सलग कोअर, म्हणजे माती-खडकाचा दंडगोल नमुना, काढा. ज्या मीटरला कोअर कमी मिळाला, तिथे ड्रिलरला थांबवून विचारा. वाहून गेलेला तुकडा बहुधा मऊच असतो. ड्रिलिंगचं पाणी कोणत्या खोलीवर गायब झालं, तेही लिहून ठेवा. कोअर ओला असतानाच उकला आणि गुळगुळीत, रेघोट्या उमटलेले पृष्ठ शोधा.

त्याच बोअरमध्ये इनक्लिनोमीटरची (जमीन कोणत्या खोलीवर किती सरकते ते नळीच्या कलावरून मोजणारं उपकरण) नळी बसवा. तळ संशयित पातळीच्या खाली निदान 3 ते 5 मीटर, स्थिर थरात हवा. तळच सरकत असेल तर सगळे आकडे फसवे. नळीच्या खाचांची एक जोडी उताराच्या दिशेला ठेवा. नळीबाहेरची पोकळी सिमेंट-बेंटोनाइटने (सिमेंट आणि फुगणाऱ्या चिकणमातीचं मिश्रण) भरा. ते घट्ट झाल्यावरच पहिली नोंद, तीही दोनदा. पुढे दर अर्ध्या मीटरला वाचन, आणि प्रत्येक वेळी प्रोब (नळीत सोडायचा मापक) 180 अंशांत फिरवून पुन्हा.

पाण्याचा दाब मोजायला शेजारी वेगळा बोअर घेणं मला बरं वाटतं. चिकणमातीत उघड्या नळीतली पातळी फार सावकाश बदलते, भरती-ओहोटीचा चढउतार तिच्यात उमटतच नाही. कंपनतार पिझोमीटर (ताणलेल्या तारेच्या कंपनावरून पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) बसवा, तासाला एक नोंद ठेवा, सोबत भरतीची पातळी आणि पाऊस. दाब भरतीबरोबर हलतो की पावसाबरोबर, हे दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतं, मात्र त्या काळात पाऊस झाला पाहिजे.

पायथा पाण्याखाली असण्याची शक्यताही तपासा. ओहोटीच्या वेळी फुगवटे दिसतात का ते पाहा, नाहीतर समुद्रतळाची खोली मोजून घ्या.