पुस्तक उघडलं की मुलगा पळून जातो, काय करू?

दिवाळीची सुट्टी लागली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. एवढी छान चित्रांची पुस्तकं आणली पण हा दोन मिनिटं सुद्धा बसून ऐकत नाही, याचं कॉन्सन्ट्रेशन कमी आहे का? अशीच एक आई आलेली, मुलगा साडेचार वर्षांचा (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत). तिला स्वतःला लहानपणी दिवाळी अंक हातात पडला की जेवणाचं भान राहायचं नाही, म्हणून तिने ठरवलेलं की या सुट्टीत मोबाईल बंद आणि रोज वाचून दाखवायचं. पण वाचायला घेतलं की हा मध्येच पानं उलटणार, भलतंच काहीतरी विचारणार, उठून गाड्या काढून बसणार, आणि आता तर पुस्तक दिसलं की "नको नको" करत पळायलाच लागलेला. त्यात शेजारची त्याच्याच वयाची मुलगी अख्खं पुस्तक मांडी घालून ऐकते. नेटवर वाचून वाचून एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार) हा शब्द डोक्यात बसलेला आणि बिचारीची झोप उडालेली.

मी म्हटलं, पुढच्या वेळी पुस्तक घेऊन या, दोघं इथेच वाचा.

पुस्तक फराळाचं होतं. एका पानावर आजी चकल्या पाडतेय, बाजूला करंज्यांचं ताट, आणि टेबलाखाली कोपऱ्यात तोंडात करंजी धरलेलं मांजर. मजकुरात त्या मांजराबद्दल एक शब्द नाही, पण प्रत्येक पानावर ते कुठेतरी लपलेलं आहे. मुलाने पहिल्या फटक्यात पकडलं. "आई हे बघ, याने चोरली!" आई म्हणाली, "हो, आधी ऐक. आजीच्या हातात काय आहे? सोऱ्या. म्हण सोऱ्या. चकल्या किती, काउंट कर बघू. आकाशकंदिलाचा कलर कोणता?" एवढं होईपर्यंत साहेब खुर्चीखाली.

मी तिला म्हटलं, अहो त्याचं लक्ष कमी नाहीये, तुमच्यापेक्षा बारकाईने तोच बघतोय. चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्रकार सांगत असतो आणि ज्याला अजून अक्षरं येत नाहीत ते मूल नेमकी तीच गोष्ट वाचतं. तुम्ही मात्र त्याला तिथून ओढून प्रश्नपत्रिकेवर आणताय. सुट्टीत, आईच्या मांडीवर, तोंडी परीक्षा कोणाला आवडेल?

प्रश्न विचारूच नका असं मी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८८ सालचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध आहे, त्यात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर एवढंच करायला सांगितलं होतं की हो-नाहीत उत्तर संपेल असं विचारू नका, मूल जे बोलेल त्यात आपली थोडी भर घाला, आणि ही मुलं बोलण्यात बाकीच्या मुलांच्या पुढे गेलेली दिसली. म्हणजे तो म्हणाला "मांजराने चोरली" तर आपण म्हणायचं "हो रे, गरमागरम करंजी चोरली, आता आजीला कळलं तर?" आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं आपल्याला फार जड जातं. मूल उत्तर जुळवत असतं आणि आपण तेवढ्यात पुढचं वाचून मोकळे होतो.

बसून ऐकलं पाहिजे हा हट्ट पण सोडा. गाडी फिरवत, लोळत, उशीवर उड्या मारत मुलं ऐकतात, दोन दिवसांनी तेच वाक्य जेवताना म्हणून दाखवतात. पानं उलटली तर उलटू द्या. इंग्लिश मीडियमला आहे म्हणून घरी इंग्लिशच वाचा असंही काही नाही, ज्या भाषेत तुम्हाला मांजराचा आवाज काढता येतो, आजीसारखं रागावता येतं, त्या भाषेत वाचा. आजोबा मजकूर सोडून मनाचंच सांगतात अशीही तिची तक्रार होती, मला तर ते ऐकून बरंच वाटलं.

काळजी कधी करायची ते पण सांगते. हाक मारली तर वळून बघत नाही, दीड वर्ष होऊनही बोट दाखवून काही दाखवत नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं, तर पुस्तकाचा विचार बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ऐकण्याची तपासणी करून घ्या. या मुलात यातलं काहीच नव्हतं.

नंतर तिचा फोन आला. अजूनही पूर्ण पुस्तक बसून ऐकत नाही म्हणाली, पण स्वतःहून घेऊन येतो. नवीन तक्रार काय, तर रोज तेच फराळाचं, बाकीची नवीकोरी पुस्तकं तशीच पडलीत. म्हटलं वाचा तेच. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या २०११ च्या अभ्यासात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांना नवे शब्द जास्त लक्षात राहिले होते, वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांना कमी. आणि तुम्हाला अगदीच कंटाळा आला तर पुस्तक त्याच्या हातात द्या, म्हणा आज तू मला वाचून दाखव, आणि सोऱ्याला तो काहीही म्हणाला तरी मध्ये बोलू नका.