वाहन आणि आपण : हवेचे पैसे कशाला मोजायचे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं चाकातल्या हवेबद्दल आहेत. अमेरिकेतल्या वाचकांची निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : गॅस स्टेशनवर (म्हणजे पेट्रोल पंपावर) हवा भरायला दोन-दोन, अडीच-अडीच डॉलर घेतात. हवा विकत घ्यायची वेळ यावी हे पटत नाही. ही लूट नाही का? आणि फुकट हवा कुठे मिळते? (वाचक, टेक्सास)

पैसे हवेचे नसतात, मशीनचे असतात. पूर्वी गॅस स्टेशनला लागूनच गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज असे. तिथला मोठा कॉम्प्रेसर मेकॅनिकच्या अवजारांसाठी दिवसभर चालूच असायचा आणि त्याचीच एक नळी बाहेर काढून ठेवलेली असायची. गॅरेज गेली, त्या जागी कॉफी आणि चिप्सची दुकानं आली. आता कॉम्प्रेसर ठेवायचा तो फक्त तुमच्या चाकांसाठी. बऱ्याच ठिकाणी तर मशीन स्टेशनमालकाचं नसतंच. वेगळी कंपनी ते बसवते, त्याची देखभाल करते आणि जमलेल्या पैशांतला काही हिस्सा मालकाला देते. त्यामुळे मशीनने पैसे गिळले तर काउंटरवरचा माणूस मशीनवरच्या फोन नंबरकडे बोट दाखवतो. तो टाळाटाळ करत असतो असं नाही, मशीनची किल्लीच त्याच्याकडे नसते.

विजेचा खर्च यात नगण्य. खरा खर्च नळीचा. लोक तिच्यावरून गाडी नेतात, नोझल जमिनीवर टाकून जातात, कोणी ते कापूनही नेतं. तरीही अडीच डॉलर जास्तच आहेत, यात आमचं तुमच्याशी एकमत आहे.

फुकट हवेचा हक्क कायद्याने देणारी राज्यं थोडी आहेत. कॅलिफोर्नियात २००० सालापासून नियम आहे की गॅस घेणाऱ्या ग्राहकाला स्टेशनने हवा, पाणी आणि प्रेशर मोजायचं गेज विनामूल्य द्यायचं. हा नियम कार आणि रिकामं वजन ६,००० पौंडांपर्यंत असलेल्या व्यावसायिक वाहनांना लागू आहे. तशी पाटी आणि तक्रारीचा टोल-फ्री नंबर दिसेल असा लावणंही बंधनकारक आहे. मशीनला नाणी टाकायची फट दिसली म्हणून परत फिरू नका. गॅस घेतल्यावर आत जाऊन हवा हवी असल्याचं सांगा, काउंटरवरून मशीन सुरू करून देतात. कनेक्टिकटमध्येही हवा मोफत द्यावी लागते. टेक्सासमध्ये असा कायदा नाही, त्यामुळे तिथे कायद्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

कायदा नसला तरी काही साखळी स्टेशनं हवा मोफत ठेवतात. पूर्वेकडची वावा आणि शीट्झ ही त्यातली माहितीची नावं. टायरच्या अनेक मोठ्या दुकानांत, टायर तिथून घेतलेले नसले तरी, हवा तपासून भरून देतात. शनिवारी सकाळी मात्र तिथे जाऊ नका, रांग असते.

प्रश्न : पैसे टाकले की घाई होते आणि चौथ्या चाकाला पोचेपर्यंत मशीन बंद पडतं. काही युक्ती आहे का? (वाचक, न्यू जर्सी)

वेळ हवा भरण्यात जात नाही, धावपळीत जातो. हिशेब पाहा. मध्यम आकाराच्या कारच्या एका टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा असते. प्रेशर १ पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) वाढवायला बाहेरची सुमारे २ लिटर हवा आत दाबावी लागते. चारही चाकं ५ पीएसआयने कमी असतील तर एकूण लागते ती ४० लिटर. मशीन तीन ते पाच मिनिटं चालतं आणि तेवढ्यात एवढी हवा सहज भरते. एखादं चाक पूर्ण बसलेलं असेल तर त्या एकट्यालाच ६५ लिटरच्या वर हवा लागते, तेव्हा मात्र वेळ पुरणार नाही हे धरून चला.

म्हणून नाणं टाकण्याआधीची कामं आधी उरका. मशीन गाडीच्या मधोमध येईल अशी गाडी लावा आणि नळी चारही चाकांपर्यंत पोचते का ते ओढून पाहा. चारही व्हॉल्व्हच्या टोप्या काढून खिशात ठेवा, जमिनीवर नको. स्वतःच्या गेजने चारही प्रेशर मोजा. मग पैसे टाका आणि सगळ्यात कमी हवा असलेल्या चाकापासून सुरुवात करा.

डिजिटल मशीन असेल तर पडद्यावर + आणि – दाबून हवा तो आकडा आधी लावायचा. मग नोझल सरळ दाबून धरायचं, आकडा गाठला की मशीन बीप करतं. सुस्स असा आवाज येत राहिला तर नोझल तिरकं बसलंय आणि हवा आत जायच्या ऐवजी बाहेर चालली आहे. मशीन एरर दाखवत असेल तर बहुतेक वेळा कारण हेच. पूर्ण बसलेल्या चाकाचं प्रेशर मशीनला जाणवत नाही, म्हणून काही मशीनवर त्यासाठी वेगळं बटण असतं.

जुन्या, दांडा दाबायच्या मशीनवर दट्ट्यासारखं बाहेर येणारं गेज असतं. नळी इतक्या वेळा आपटलेली असते की त्यावर भिस्त ठेवू नये. दांडा दाबलेला असताना तर ते आकडा दाखवतच नाही. थोडी हवा भरा, दांडा सोडा, मग मोजा.

प्रश्न : टायरवर ५१ पीएसआय छापलंय आणि दारावर ३३. कोणतं खरं? (वाचक, इलिनॉय)

दारावरचं. टायरवरचा आकडा तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल याचा आहे. तुमच्या गाडीच्या वजनाला किती हवा योग्य, ते ड्रायव्हरच्या दाराशी खांबावर चिकटवलेल्या कागदावर असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात. छोटी तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागतं, आणि तिची आठवण लोकांना ती बसवायची वेळ आल्यावरच होते.

प्रश्न : थंडी पडली की सकाळी हवेचा पिवळा दिवा लागतो आणि दुपारी आपोआप जातो. सेन्सर बिघडलाय का? गरम टायरमध्ये हवा भरू नये म्हणतात, पण गॅस स्टेशन घरापासून सहा मैलांवर आहे. मग करायचं काय? (वाचक, मिनेसोटा)

सेन्सर ठीक आहे, हवा काठावर आहे. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की प्रेशर सुमारे १ पीएसआयने उतरतं. ७० अंशांच्या गॅरेजमध्ये ३० पीएसआय असलेला टायर बाहेर १० अंशांत रात्रभर राहिला की २५ च्या आसपास येतो. २००८ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना प्रेशरवर नजर ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. दारावरच्या आकड्यापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे असा नियम आहे. ३३ च्या गाडीत ही मर्यादा येते २५ च्या जरा खाली. गाडी चालली की टायर तापतो, प्रेशर चढतं आणि दिवा विझतो. विझला म्हणजे भागलं असं समजू नका. आणि याची दुसरी बाजू : २६ पीएसआयवर चालणाऱ्या गाडीत दिवा लागलेला नसेल, पण टायरच्या कडा मात्र झिजत असतील.

दारावरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, किंवा जेमतेम मैलभर सावकाश चाललेली. सहा मैल गेल्यावर टायर थंड राहत नाही, पण त्यावर सोपा उपाय आहे. निघण्यापूर्वी घरीच मोजा. समजा २८ आहे आणि हवं ३३, म्हणजे तूट ५ ची. हे ५ कागदावर लिहा. स्टेशनवर पोचल्यावर तोच टायर ३१ दाखवेल. त्याला ३३ नाही, ३६ पर्यंत भरा. भरायची असते ती तूट. मशीनवर ३६ हा आकडा लावताना हात कचरतो, पण बरोबर तोच आहे. प्रत्येक चाकाची तूट वेगळी लिहा.

गरम टायरचं प्रेशर जास्त दिसतं म्हणून हवा सोडणं ही उलटी चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टायर कमी प्रेशर दाखवेल.

प्रश्न : टायरच्या दुकानात नायट्रोजनचे वेगळे पैसे मागितले. घ्यावा का? (वाचक, ओहायो)

फुकट मिळत असेल तर जरूर घ्या. पैसे देऊन नको. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि टायरमधून जरा सावकाश झिरपतो, फायदा एवढाच. थंडीत प्रेशर त्याचंही उतरतं. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा मिसळली तर काहीही बिघडत नाही.

प्रश्न : स्वतःचा पंप घेणं परवडेल का? कोणता घ्यावा? (वाचक, जॉर्जिया)

परवडेल. ठीकठाक टायरमधूनही महिन्याला १ ते ३ पीएसआय हवा कमी होतच असते. म्हणजे दर महिन्या-दोन महिन्यांनी भरणं आलं. १२ व्होल्टचा साधा पंप ३० ते ६० डॉलरना मिळतो. गॅसच्या बचतीतून तो फिटेल अशी आशा मात्र धरू नका. चारही चाकांत सरासरी १ पीएसआय कमी असेल तर मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घटतं, असा अमेरिकी ऊर्जा खात्याचा हिशेब आहे. ५ पीएसआय कमी म्हणजे १ टक्का, म्हणजे ४० डॉलरच्या टाकीमागे ४० सेंट. खरी बचत टायरच्या आयुष्यात आहे. शिवाय पंप घरी असला की टायर थंड असतानाच हवा भरता येते, तुटीचा वगैरे हिशेब करावा लागत नाही. आमच्या मते पंप घ्यायचं मोठं कारण हेच.

घेताना पंप किती अँपिअर ओढतो आणि गाडीच्या लायटर सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे, हे जुळवून पाहा. फ्यूज १० चा आणि पंप १५ चा असेल तर फ्यूज उडणार. वापरताना गाडी उघड्यावर उभी करून इंजिन चालू ठेवा, बंद गॅरेजमध्ये कधीही नाही. लहान पंप लवकर तापतात. सलग किती मिनिटं चालवायचा ते खोक्यावर लिहिलेलं असतं, तेवढं झालं की थांबा. खोक्यावरच्या १५० पीएसआयला भुलू नका, कारला त्याचा उपयोग नाही. मिनिटाला किती लिटर हवा देतो ते पाहा. पुढे स्क्रूने बसणारं नोझल चांगलं घट्ट बसतं, पण काढताना थोडी हवा जाते, म्हणून १ पीएसआय जास्त भरून घ्या.

घरात सायकलचा उभा पंप असेल तर आधी तोच वापरून पाहा. कारचा व्हॉल्व्ह आणि जाड व्हॉल्व्हच्या सायकलचा व्हॉल्व्ह एकच असतो. साधारण पाच-सहा दाबांत १ पीएसआय चढतं. दमछाक होते, पण तीन-चार पीएसआयसाठी मशीन शोधत फिरायची गरज नाही.

प्रश्न : हवा भरली तरी दिवा जात नाही. एक चाक दर आठवड्याला उतरतं, पण पंक्चर दिसत नाही. (वाचक, व्हर्जिनिया)

दिवा भरल्याबरोबर जात नाही. काही मैल गाडी चालवा. काही गाड्यांत मेनूमधून किंवा बटणाने रीसेट करावं लागतं. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल तर तो हवेचा इशारा नाही, यंत्रणेतला बिघाड आहे. बहुधा चाकातल्या सेन्सरची बॅटरी संपलेली असते, ती साधारण ५ ते १० वर्षं टिकते.

उतरणाऱ्या चाकासाठी भांडी घासायचा साबण पाण्यात मिसळा. व्हॉल्व्हची टोपी काढून आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर थेंब टाका. बुडबुडा फुगला तर आतली सुई सैल आहे किंवा खराब झाली आहे. ती काही सेंटना मिळते आणि चिमुकल्या पान्याने बदलता येते. मग व्हॉल्व्हच्या बुडाशी रबर तडकलंय का ते वाकवून पाहा, नंतर रिम आणि टायर जिथे भेटतात त्या कडेला फेस लावा. जुन्या अॅल्युमिनियम रिमवर गंज धरतो आणि तिथूनच हवा हळूहळू जाते. शेवटी टायरच्या खाचा तपासा. खिळा दिसला तर तो तिथेच उपटू नका, तसाच दुकानात न्या. टायरच्या बाजूच्या भिंतीत भोक असेल तर ते बुजवता येत नाही, टायर बदलावा लागतो. पंक्चर तात्पुरतं बुजवायला मिळतो तो बाटलीतला फेस टायरमध्ये भरून वेळ मारून नेली असेल तर दुकानदाराला आधी सांगा, कारण टायर उघडल्यावर तो फेस त्याच्या अंगावर येतो आणि काही फेस सेन्सरही चिकटवून टाकतात.